पंचमीला पाईप कापायचा न्हाय

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. बारामतीत इंदापूर रोडला माझं गॅरेज हाय. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, जे येईल त्याला हात लावतो आणि गाडीपेक्षा गाडीवाल्यावर जास्त ओरडतो. बायको म्हणती, "तुमच्याकडं लोक गाडी नीट करायला येत न्हाईत, बोलणी खायला येतात." असंल. पण अख्ख्या तालुक्यात एकच माणूस असा हाय, की ज्याच्यावर ओरडून काडीचा उपयोग होत न्हाय. सांगवीचे रामहरी तात्या.

तात्यांची साठी उलटलीय. अंगानं हडकुळे, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. थोडा ऊस, दोन म्हशी आणि आवाज इतका बारीक, की फोनवर बोलत असले तर मला गॅरेजमधली सगळी ठोकाठोकी बंद करावी लागती. ह्या माणसाच्या तोंडून मी कधी "न्हाय" ऐकलं नव्हतं. सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणायचं आणि मनात असंल तेच करायचं, ही त्यांची रीत. मी म्हणायचो, "तात्या, टायर बदला." "व्हय, व्हय." टायर तेच. "तात्या, ऊन लागतंय, छत लावत जा." "व्हय, व्हय." छत उघडंच.

आता तुमी म्हणाल, छत उघडं म्हंजे? तेच तर सांगतोय. गेल्या हिवाळ्यात हा टोपीवाला माणूस पुण्याला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला आणि येताना लालभडक, दोन सीटची, छत उघडणारी परदेशी गाडी घेऊन आला! शर्यतीत पळवतात तसली. जुनीच होती, आधीचा मालक कंटाळलेला. जमिनीपासून चार बोटं वर. आत बसलं की माणूस दिसायचाच न्हाय, नुसती टोपी चाललीय असं वाटायचं.

सांगवीच्या दूध डेअरीवर दुसरा विषयच न्हवता. कुणी म्हणालं, तात्याला म्हातारपणी खूळ लागलं. कुणी म्हणालं, पुण्यात कुणीतरी गंडवलं. विजयमाला काकूंनी, म्हंजे तात्यांच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं, "मी ह्यात बसणार न्हाय. भीक मागायला रस्त्यावर बसल्यासारखं दिसतं."

मी तर तोंडावर विचारलं, "तात्या, ही कशाला घेतली?"

"बसायला," तात्या म्हणले.

"बसायला ते मलापण कळतंय हो! पण कशाला?"

"बसायलाच की."

बरं, गाडी पळवायची तर तेही न्हाय. उसाचा ट्रॅक्टर मागनं हॉर्न देऊन पुढं जायचा, एवढा ह्यांचा वेग. त्यात गाडीचं पोट रस्त्याला टेकलेलं, म्हणून दोन लाकडी फळ्या संगं ठेवायचे. स्पीड ब्रेकर आला की खाली उतरायचं, अलीकडं एक फळी, पलीकडं एक फळी, गाडी वर चढवायची, उतरवायची, परत फळ्या गोळा करायच्या. आपल्या रस्त्याला स्पीड ब्रेकर किती हायत, तुमाला ठावंच हाय. बारामतीत यायचं म्हंजे तात्यांची अर्धी सकाळ फळ्यांतच जायची.

आषाढात गाडी गळायला लागली. इंजिन तापू नये म्हणून त्यात एक हिरवं पाणी फिरत असतं, त्याला कूलंट म्हणतात. त्याची प्लास्टिकची टाकी बॉनेटखाली कोपऱ्यात असती. ती जुनी होऊन पिवळी पडली होती आणि तिला खालून चीर गेली होती. तात्यांचा फोन आला, "मिस्त्री, गाडीखाली हिरवं सांडतंय. पण काळजी करू नका, मी घमेलं ठेवलंय. गाळून परत ओततो."

"गाळून? कशानं?"

"चहाच्या गाळणीनं."

"अहो तात्या! विष असतंय ते! फेका ती गाळणी!"

"व्हय, व्हय."

गाळणी मागनं विजयमाला काकूंनी उकिरड्यावर फेकली, असं कळलं. तीबी थेट न्हाय, आधी तात्यांच्या अंगावर फेकली आणि मग उकिरड्यावर.

मी चीर बुजवून दिली. परत गळली. परत बुजवली. गरम झालं की त्या टाकीत दाब येतो, त्यापुढं लांबी, म्हंजे चीर बुजवायचा लगदा, टिकत न्हाय, हे मी शंभरदा सांगितलं. पुण्यात फोन लावला, मुंबईत लावला. ह्या गाडीची टाकी परदेशातनं यायची, दिवाळीनंतर बघू म्हणले. तात्या म्हणले, "पंचमीच्या आत पायजे."

"पंचमीला काय शर्यत हाय का तुमची?"

"व्हय, व्हय."

शेवटी पुण्याच्या एका जुन्या सामानवाल्याकडनं दुसऱ्याच कुठल्या गाडीची, पण मापात बसणारी टाकी मिळवली. ती कधी यावी? ऐन नागपंचमीच्या सकाळी. ट्रॅव्हल्सवाल्याकडनं खोकं घेऊन मी गॅरेजवर येतोय तर तात्या दारात हजर. गाडी चालू, छत उघडं, अंगात कडक इस्त्रीचा सदरा आणि डोक्याला चक्क गुलाबी फेटा.

"कुठं निघाला?"

"इंदापूरला. आक्काला आणायला. मुराळी हाय मी."

पंचमीला सासरी असलेल्या बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात, हे सगळ्यांना म्हाईत हाय. पण तो नव्या नवरीला. ह्यांची आक्काबाई सत्तरीची! मी हसलो. म्हणलं, "सत्तरीच्या म्हातारीला मुराळी लागतोय व्हय?"

तात्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. "व्हय" म्हणले न्हाईत, तेवढ्यावरनं समजलो की आपलं चुकलं.

"बरं, थांबा, टाकी बदलून देतो."

"उशीर व्हतोय मिस्त्री. दिवस मावळायच्या आत गावात बायकांचा फेर असतो. आक्का त्यात पायजे. आल्यावर बदला."

"ही टाकी इंदापूरचं जाणं-येणं काढणार न्हाय! लिहून देतो!"

"व्हय, व्हय," म्हणले आणि निघाले.

आता सांगा, राग येणार का न्हाय? मी नवी टाकी मोटारसायकलच्या हँडलला बांधली, हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवली आणि शिव्या देत मागं निघालो. पहिल्याच स्पीड ब्रेकरला तात्यांनी हळूच दोन्ही फळ्या माझ्या कॅरिअरला बांधल्या. म्हणले, "येताना आक्काचं सामान असंल, गाडीत जागा कुठली?" म्हंजे आता उतरून फळ्या मी टाकायच्या!

इंदापूरच्या अलीकडं आक्कांचं मळ्यातलं घर. त्या ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. हिरवं लुगडं, हातात नवा चुडा, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि दोन्ही पाय समोर स्टुलावर सरळ ठेवलेले. गाडी फाटकातनं आत आली तशी म्हातारी ओरडली, "आला गं माझा मुराळी! आणि हे काय आणलंस लेका, खेळणं?"

त्यांची सून माधवी मला पाणी द्यायला आली. तिनं सांगितलं ते ऐकून मी पाणी तसंच खाली ठेवलं. आक्कांचे दोन्ही गुडघे धरलेले. वाकतच न्हाईत. एसटीची पायरी चढता येत न्हाय, जीपमध्ये पाय वर घेता येत न्हाय, साध्या गाडीत बसायचं तर गुडघे दुमडायला लागतात. मागं एकदा चौघांनी उचलून जीपमध्ये ठेवायला बघितलं, तर अशा किंचाळल्या, की परत कुणाची छाती झाली न्हाय. ऑपरेशनचं नाव काढू देत न्हाईत. तेव्हापासनं माहेर बंद. "पंचमी आली की दिवसभर ओसरीत बसायच्या, रस्त्याकडं तोंड करून," माधवी म्हणली. "मामांना फोनवर सांगायच्या, येऊ नकोस रे, मला काय आता जमत न्हाय. आणि फोन ठेवला की जेवायच्या न्हाईत."

तेवढ्यात तात्यांनी गाडीचं दार उघडलं. म्हणले, "आक्का, बस."

मी आणि माधवीनं दोन्ही काखांत हात घालून म्हातारीला धरलं. छत उघडंच होतं, त्यामुळं वाकायचं कारण न्हाय. वरनं अलगद सीटवर सोडलं. आणि पाय? पाय सरळ पुढं गेले. त्या गाडीत बसायचंच तसं असतं, पाय लांब सोडून. अंगणात पाटावर बसावं तशी आक्का ऐसपैस बसली. "अगं बया," म्हणली, "दुखलंच न्हाय की!"

बसायला. कशाला घेतली, तर बसायला!

माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं आणि पाठोपाठ असा राग आला म्हणता! "तात्या, हे आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं का तुमचं? सगळा गाव खुळ्यात काढतोय तुमाला!"

"सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, मोठी जीप घ्या," तात्या बारीक आवाजात म्हणले. "पुण्यात ही गाडी दिसली. मालकाला म्हणलं, जरा बसू द्या. गुडघे ताठ ठेवून बसून बघितलं. जमलं."

निघालो. पुढं गुलाबी फेटा, शेजारी हिरवा पदर, मागं मी. स्पीड ब्रेकर आला की मी मोटारसायकल उभी करायची, पळत जाऊन फळ्या टाकायच्या, गाडी गेली की उचलायच्या. आक्का वळून वळून बघायच्या. म्हणल्या, "रामहरी, हा फिटर पळतो चांगला. लग्न झालंय का ह्याचं?"

लासुर्ण्याच्या जवळ जे व्हायचं तेच झालं. बॉनेटमधनं भसाभस वाफ. गाडी रस्त्याकडंच्या एका घरापाशी थांबली. घरात धोंडाबाई नावाची बाई होती, चुलीपाशी सैपाक चाललेला. तिनं बिचारीनं पाणी आणलं, आक्कांच्या डोक्यावर छत्री धरली. मी बॉनेट उघडलं. जुनी टाकी खालपर्यंत फाटली होती. मी नुसतं तात्यांकडं बघितलं.

"व्हय," तात्या म्हणले.

गरम टाकीचं झाकण उघडलं तर तोंड भाजतं, म्हणून निवेपर्यंत थांबलो. तेवढ्यात काकूंचा फोन. बायका मारुतीच्या देवळापुढं जमल्यात, फेर धरायचा का? तात्या म्हणले, "थांबा म्हणावं. आक्का येतीय." काकू म्हणल्या, "दिवस कुणासाठी थांबतोय व्हय?" मी तात्यांच्या शेजारीच होतो, मला ऐकू आलं. ऊन कलायला लागलं होतं.

जुनी टाकी काढली, नवी बसवली. बोल्ट बसले, पट्टी बसली. राहिला पाईप. जुन्या पाईपचं टोक वाळून लाकूड झालेलं आणि नव्या टाकीची तोटी जरा जाड. पाईप काय चढंना. त्याला एकच इलाज. कडक झालेलं टोक कापून टाकायचं आणि माझ्याकडचा जाड तुकडा जोडायचा. दोन मिनिटांचं काम. मी पिशवीतनं ब्लेड काढलं.

"ए फिटर! काय करतोस रं?"

"पाईप कापतोय आक्का."

"ठेव ते खाली. आज पंचमी हाय. आज कापायचं न्हाय."

मला आधी वाटलं, म्हातारी चेष्टा करतीय. पंचमीला बाया विळीला हात लावत न्हाईत, चिरत न्हाईत, तवा ठेवत न्हाईत, हे मलापण ठावं हाय. आमच्या घरी माझी आईपण पाळती. पण पाईप?

"आक्का, हा रबर हाय! दोडका न्हाय!"

"दोडका असता तरी कापू दिला नसता."

"आणि कापणार मी हाय, तुमी न्हाय!"

"गाडी माझ्या भावाची हाय. काल मी भावासाठी उपास धरलाय. आज माझ्यादेखत त्याच्या गाडीला पातं लावशील तर मी हितनंच माघारी जाईन."

"कशी जाणार? उतरता तरी येतंय का?"

हे मी बोलायला नको होतं. धोंडाबाईनं छत्रीसकट माझ्याकडं रागानं बघितलं. पण आक्का हसल्या. म्हणल्या, "न्हाय येत. म्हणून तर सांगते, ऐक."

मी डोकं धरून बसलो. समजावलं, हात जोडले, ओरडलो. "तिकडं तुमच्यासाठी बाया ताटकळल्यात! दिवस गेला तर हे सगळं केलंय कशाला? ह्या माणसानं गावाचं हसू कशासाठी सोसलं?" म्हातारी ढिम्म. ओठ मिटून बसली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिलापण फेर पायजेच होता हो. मनातनं तडफडत होती. पण भावाच्या जिवाचं तिला भ्या होतं.

मग मी काय केलं, सांगतो. बॉनेट वर उघडलेलं होतं, त्याच्याआड मी आक्कांना दिसत नव्हतो. म्हणलं, गुपचूप कापून टाकू. म्हातारीला काय कळतंय? ब्लेड पाईपला टेकवलं आणि तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. तात्या.

"न्हाय," तात्या म्हणले.

जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"अहो, तिला कळणारपण न्हाय," मी कुजबुजलो.

"मला कळंल की."

झालं. ब्लेड पिशवीत टाकलं आणि मी मातीत बसलो. आता एकाचं ऐकायचं का दोघांचं? दोघंही एकाच आईची! ऊन घराच्या भिंतीवरनं वर सरकत होतं. परत काकूंचा फोन आला, तात्यांनी उचलला न्हाय.

बऱ्याच वेळानं आक्कांनी धोंडाबाईला विचारलं, "चुलीवर काय ठेवलंयस गं?"

"दिंडं उकडायला ठेवल्यात आक्का." दिंडं म्हंजे कणकेच्या पोळीत पुरण भरून घडी घालायची आणि वाफेवर उकडायची. पंचमीचा सैपाक तोच, त्याला ना विळी लागती ना तवा.

आक्का माझ्याकडं वळल्या. "मग उकड की तो पाईप. कापायला मनाई हाय. उकडायला न्हाय."

मी हसणार होतो. तोंड उघडलं आणि तसंच ऱ्हायलं. कारण उसाच्या ठिबकची नळी जोडाला बसंना तर आपल्याकडं शेतात काय करतात? गरम पाण्यात बुडवतात, मऊ झाली की सारतात! मी स्वतः हजारदा केलंय. पण गाडीचा पाईप म्हणलं की ब्लेडशिवाय दुसरं सुचलंच न्हाय मला.

धोंडाबाई म्हणली, "माझ्या दिंडांच्या पातेल्यात न्हाय हं." "घालणारपण न्हाय," म्हणलं, "विष हाय ते." तिनं अंघोळीच्या पाण्याचं जुनं पातेलं परसात तीन दगडांवर मांडलं. मी पाईप काढला, पकडीत धरला आणि टोक उकळत्या पाण्यात बुडवून बसलो. दोन्ही चुली पेटलेल्या, एकीवर पुरण, एकीवर पाईप. आक्का गाडीतनं विचारत होत्या, "शिजला का रं?"

एकदा काढला, चढंना. परत बुडवला. तात्या तुपाची वाटी घेऊन आले. मी म्हणलं, "तूप न्हाय तात्या, साबण आणा!" साबण लावून दोघांनी जोर लावला आणि टोक सर्रकन तोटीवर चढलं. क्लिप आवळली. पाणी भरलं. गाडी चालू केली. थेंब न्हाय. धोंडाबाईनं टाळी वाजवली, आम्हाला उभ्याउभ्या दिंडं चारली आणि आक्कांना हळदीकुंकू लावलं.

बारामती ओलांडली तेव्हा सूर्य पार खाली गेलेला. मी फळ्या टाकत आणि उचलत असा पळालो, की माझ्या शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी बघितलं असतं तर कौतुकानं रडले असते. आणि तात्या! त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकलं.

सांगवीत मारुतीच्या देवळापुढं उजेड अजून शिल्लक होता आणि बायका थांबल्या होत्या. एकपण घरी गेलेली न्हाय. गाडी बघितली, गाडीत आक्का बघितली, आणि मग त्यांनाही समजलं, लाल गाडी कशाला होती ते. डेअरीवरचे दोघं-तिघं माना खाली घालून उभे. विजयमाला काकू निरांजन घेऊन पुढं आल्या. नणंदेला ओवाळलं, मग नवऱ्याला, आणि जाता जाता बॉनेटलाही कुंकू लावलं.

"चला, उचला आक्काला," कुणीतरी म्हणलं.

"थांबा गं," आक्का म्हणल्या. "मी हितं बरी हाय. तुमी धरा फेर."

बायकांनी गाडीभोवतीच फेर धरला. मधोमध आक्का, पाय लांब सोडलेले, टाळ्या वाजवत मोठमोठ्यानं गात होत्या. आणि त्यांच्या शेजारी तात्या, स्टिअरिंग धरून अडकलेले. उतरायला वाट न्हाय. फेटा सुटून गळ्यात आलेला, डोळ्यांतनं धारा. पुसायचंही भान न्हवतं.

फेर संपला, अंधारून आलं. मी बॅटरी लावून गाडीखाली बघितलं, तर टाकीच्या तोटीपाशी, पाईप चढवलेल्या जागी, एक थेंब. मग दुसरा. मी तात्यांच्या कानाशी गेलो. "गळायला लागलाय. आता तरी कापू का? दिवस मावळला, पंचमी सरली."

तात्या बोलायच्या आधी आक्का बोलल्या. म्हातारीचे गुडघे गेलेत, कान न्हाय.

"काप आता," त्या म्हणल्या. "भाऊ घरी पोचला माझा."

मला दिवसभर वाटत होतं, की तात्या आक्काला घरी आणतायत. पिशवीतनं ब्लेड काढलं, खाली बसलो आणि पाईप कापला.